काजळीचा वंश

चिलारवाडीत गाय व्याली की बातमी तांब्यातून फिरते. पहिल्या धारेचा चीक शेजारपाजारच्या चार घरी जातो, घेणारी बाई विचारते, "कशी व्याली?" आणि देणारी सांगते, "सुखरूप." दुसरं उत्तर नाही. वासरू मेलेलं निघालं असेल, गाय तिकडे गोठ्यात डोळे फिरवून पडली असेल, तरी उत्तर सुखरूपच. व्यालेल्या गाईबद्दल वाईट बोललं तर दृष्ट लागते, हे माणदेशात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मग तांब्या रिकामा परत करायचा नाही म्हणून त्यात मूठभर साखर पडते आणि विषय संपतो.

सन दोन हजार त्रेचाळीस उजाडलं तरी यात फरक पडला नव्हता. धारा यंत्र काढत होतं, गाय माजावर आल्याचं तिच्या गळ्यातला पट्टा फोनवर कळवत होता. चिकाचा तांब्या मात्र माणसाच्याच हातून जात होता.

या तांब्यावर स्वप्नाली खरातची सगळी नोकरी उभी होती. दूध संघाची ती पशुसखी. सहा वाड्या, चारशेच्या वर गायी. गाय व्याल्यावर आठ दिवसांच्या आत जाऊन वासराच्या कानाचा कण नळीत घ्यायचा आणि गाय कशी व्याली त्याचा गुण फोनमध्ये भरायचा. एक म्हणजे आपोआप व्याली. दोन म्हणजे थोडा हातभार. तीन म्हणजे दोघातिघांनी ओढलं. चार म्हणजे गाय पार अडली. पाच म्हणजे वासरू गेलं, नाहीतर गाय गेली, नाहीतर दोन्ही.

आता चारशे गायींच्या बाळंतपणाला एक बाई कुठे पुरी पडणार? ती आपली चीक आला की एक लिहायची. चीक आला म्हणजे गाय व्याली, आणि देणारी सुखरूप म्हणाली, म्हणजे एक. त्यात तीनच्या वर गुण दिला की फोन सतरा प्रश्न विचारायचा आणि वर गाईचा मालक तोंड फिरवायचा, कारण वाईट गुणाच्या गाईची कालवड कोणी दारात उभी करून घेत नाही. मेलेलं वासरू बांधाला पुरलं जायचं. मोडलेली गाय महिन्याभरात बाजारात जायची आणि फोनमध्ये 'विकली' एवढंच लागायचं. सहा वर्षांत स्वप्नालीने अडीच हजारांवर नोंदी केल्या, त्यातल्या जवळजवळ सगळ्या एक. संघाने तिला दोनदा आदर्श नोंदक म्हणून शाल दिली. लग्न होऊन आली तेव्हापासून गावात तिला 'खरातांची धाकटी' म्हणत, आता 'मॅडम' म्हणू लागले होते, आणि ते तिला फार आवडायचं.

एकच गोठा असा होता की तिथे तांब्या चालत नव्हता. तो तिच्या थोरल्या बहिणीचा.

दीपाली आणि स्वप्नाली सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. भाऊ वाटण्या करून वेगळे झाले, घराच्या मधोमध भिंत आली, अलीकडे धाकटी, पलीकडे थोरली. थोरलीचा नवरा दहा वर्षांपूर्वी गेला, पोटी मूल नाही. तिचं सगळं विश्व म्हणजे नऊ गायी आणि त्या नऊही एकाच गाईच्या लेकी-नाती. लग्नात बापाने आंदण म्हणून दिलेली गाय, डोळ्यांभोवती काळी कडा असलेली, नाव काजळी. धाकटीच्या लग्नापर्यंत बापाकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तिला मिक्सर मिळाला. हे धाकटी विसरली होती असं ती स्वतः म्हणायची.

"सपे, झालं ते लिही," दीपाली तिच्या खांद्याशी उभी राहून म्हणायची. "अर्धा तास वडलंय वासराला. तीन लिही."

"आक्का, कशाला गं? एक लिहिते की. कोण बघायला येतंय?"

"गाईला तरास झाला तिच्या जिवाला, अन् आपण एक लिहायचं? लिही तीन. अन् लोकांचं बी खरं लिहीत जा. मी जाते न्हवं त्यांच्या गायी सोडवायला?"

हे खरं होतं. कुठल्याही वाडीत गाय अडली की दीपालीला बोलावणं यायचं. लांब बोटं, अरुंद तळवा आणि घाई न करणारा स्वभाव. वासराची मान मागे वळलेली असो की पुढचा पाय दुमडलेला, ती डोळे मिटून आत चाचपत राहायची आणि काय कसं फिरवायचं ते तिच्या हाताला कळायचं. गाय मोकळी झाली की हात धुऊन घरी. दुसऱ्या दिवशी त्याच गाईचा चीक स्वप्नालीच्या घरी आणि फोनमध्ये एक.

*

या नोंदी कुठे जात होत्या ते आता सांगायला हवं.

गाय अडते ती दोघांच्या करणीने. एक, वासरू किती थोराड; हे निम्मं बैलाकडून येतं. दुसरं, आईच्या कमरेच्या हाडांची कमान किती रुंद. हे आईच्या वंशातून येतं. वासराच्या कानाच्या कणातून संगणक त्याच्या जनुकांवरच्या साठ हजार खुणा वाचतो, त्या खुणा आणि आलेले गुण एकमेकांशी ताडतो आणि कुठली खूण असली की गाय सुखाने व्याते, कुठली असली की अडते, ते ठरवतो. त्यातून निघणाऱ्या आकड्याला संघाने नाव दिलं सुलभांक. कुठल्या बैलाच्या रेताची कांडी कुठल्या गाईला भरायची, कुठला वंश वाढवायचा आणि कुठला बंद करायचा, हे सगळं या सुलभांकावर. उद्देश उत्तम होता. गायींचे हाल वाचावेत म्हणून शहाण्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून तो बांधला होता.

फक्त संगणकाने एकही गाय पाहिलेली नव्हती. त्याला दिसायचे ते आकडे.

जिल्ह्यात तेव्हा एका परदेशी बैलाच्या कांड्यांची चलती होती. लोकांनी त्याचं नाव ठेवलं हिंदकेसरी, कारण त्याची वासरं पैलवानासारखी थोराड निघायची. लेकींना दूध अमाप, म्हणून जो तो हिंदकेसरीच मागायचा. त्याची वासरं बाहेर येताना गाईचा जीव घ्यायची ती गोष्ट चिकाच्या तांब्यात बुडून जायची. दीपालीचा गोठा सोडला तर स्वप्नालीच्या सहा वाड्यांत हिंदकेसरीची अकराशे वासरं झाली आणि अकराशे वेळा एक लागला. शेजारच्या वाड्यांतल्या पशुसख्याही तांब्यावरच चालल्या होत्या. दीपालीच्या गोठ्यात त्याच बैलाची एकतीस वासरं झाली, त्यांत चौदा वेळा तीन, नाहीतर चार. काजळीच्या लेकींची कमान इतकी रुंद होती की ओढाताण होऊनही त्यातली एकही गाय दगावली नव्हती. पण दगावण्याचा हिशेब करायला दुसऱ्या गोठ्यांतलं दगावणं कळायला तर हवं!

संगणकाने त्याच्या परीने बरोबरच केलं. अकराशे ठिकाणी बैल निर्दोष, एका ठिकाणी त्रास. म्हणजे खोट त्या ठिकाणच्या गायींत. त्या गायींत असं काय आहे जे इतरांत नाही, ते त्याने शोधलं आणि अठराव्या गुणसूत्रावर त्याला एक खूण सापडली. ती खूण रुंद कमानीची होती. त्याने तिच्यावर लाल शेरा मारला.

मार्चमध्ये संघाचं पत्र आलं. वंश क्रमांक दोनशे सतरा, प्रसूतीस अयोग्य. या वंशाच्या सर्व गायी व कालवडी कळपातून काढण्यात येतील. त्याबदल्यात मालकास मान्यताप्राप्त कालवडी देण्यात येतील.

पत्र स्वप्नालीनेच वाचून दाखवलं. दीपालीने ते दोनदा वाचायला लावलं.

"अगं, पण माझ्याच गायी चांगल्या हाईत," ती म्हणाली. "बाकीच्यांच्या मरत्यात. तुला ठावं हाय."

स्वप्नालीने पत्राची घडी घातली. तिला ठाऊक होतं.

*

सुनावणी चिलारवाडीच्या दूध संकलन केंद्रात झाली, भर दुपारी, पंख्याखाली. संघाच्या अनुवंशशास्त्रज्ञ डॉ. केतकी आपटे पुण्याहून आल्या होत्या. तिशीची, हुशार, मनाने चांगली मुलगी. निर्णय पाठवून मोकळी झाली असती, पण एका विधवा बाईच्या नऊच्या नऊ गायी जाताहेत म्हणून ती स्वतः तीन तासांचा प्रवास करून आली होती.

"दीपालीताई," ती म्हणाली, "मला एकच गोष्ट सांगा. हाच त्रास दुसऱ्या गोठ्यांत होतो असं तुमचं म्हणणं आहे ना? तसं निघालं तर दोष तुमच्या वंशाचा नाही, बैलाचा. मी आज, इथे बसून ही बंदी उठवेन. पण एका तरी माणसाने तसं सांगायला हवं."

दीपालीचा चेहरा उजळला. तिने मागे वळून पाहिलं. सगळं गाव बसलं होतं. यात अवघड ते काय, असं तिला वाटलं असणार.

"धनंजय," ती म्हणाली, "दिवाळीच्या आधी तुझी गाय अडली. मी खांद्यापातूर हात घातला हुता. वासरू मेलेलं निघालं. सांग म्याडमला."

धनंजय सस्ते मोठा दूधवाला. बावीस गायी, सगळ्या हिंदकेसरीच्या लेकी. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "आक्का आल्या हुत्या, न्हाय म्हणत न्हाय. पण गाय आपसूक मोकळी झाली. सुखरूप."

"विमलकाकी, तुमची कालवड? ती तर उठलीच न्हाय परत."

"अगं, ती म्या इकली," विमलकाकी म्हणाली. "व्याली सुखरूपच हुती बाई. उगं जनावरावर बालंट नको."

दीपालीने आणखी पाच नावं घेतली. पाच वेळा सुखरूप. त्यांतल्या कोणाचं तिच्याशी वैर नव्हतं. गेल्या पावसाळ्यात ती आजारी पडली तेव्हा याच घरांतून तिला भाकरी आली होती. पण बैलावर बट्टा लागला तर त्याच्या लेकींवरही लागेल, आणि सगळ्यांच्या दावणीला लेकी त्याच्याच होत्या. नऊ गायी गेल्या तर एका घरातून जाणार होत्या. सरळ गणित होतं, आणि ते प्रत्येकाने मनातल्या मनात केलं होतं.

मग दीपाली हसली. अगदी निर्धास्त हसली.

"असू द्या म्याडम. त्यांचं सोडा. ही माझी भन हाय. नोंदी हिच्याच हातच्या हाईत. हिला इचारा."

डॉ. केतकी स्वप्नालीकडे वळल्या. "स्वप्नालीताई, सहा वर्षांच्या नोंदी तुमच्या आहेत. त्यात काही चुकलं असेल, अंदाजाने भरलं गेलं असेल, तर आता सांगा. मी समजून घेईन. प्रत्येक बाळंतपण तुम्ही पाहिलंत?"

आता खरं बोलायचं म्हणजे दोन वाक्यं पुरेशी होती. नाही मॅडम, मी चिकावर लिहिलं. एवढंच. पण त्यापुढचं सगळं स्वप्नालीच्या डोळ्यांसमोर आलं. दोन शाली. अडीच हजार खोट्या नोंदी. मॅडमची परत धाकटी. समोर बसलेल्या पन्नास माणसांचे डोळे. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक गोष्ट आली, जी तिने नंतर स्वतःलाही कबूल केली नाही. बापाने काजळी थोरलीला दिली होती.

"नोंदी बरोबर आहेत, मॅडम," ती म्हणाली. "सगळ्या सुखरूप झाल्या."

ऐकू आलं नसावं अशी दीपाली बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिली. डॉ. केतकींनी वही मिटली आणि बाहेर गाडीत बसल्यावर ड्रायव्हरला दिसणार नाही अशा बेताने डोळे पुसले. त्यांची चूक कुठे होती? त्यांनी विचारायचं ते विचारलं होतं.

गायी शुक्रवारी नेल्या. नऊ गायींना दोन ट्रक लागले. प्रत्येक गाईच्या पुठ्ठ्यावर दीपालीने हात ठेवला आणि नाव घेतलं. ट्रकवाला चांगला होता, थांबला.

एक मात्र राहिली. काजळीची पणती, पंधरा दिवसांची कालवड, बिट्टी. तिच्या कानात बिल्ला नव्हता की तिची नोंद नव्हती, कारण स्वप्नालीने ती मुद्दामच केली नाही. नळी खिशातच ठेवून ती परत फिरली. एवढं तरी आपण केलं, असं ती त्या रात्री स्वतःला म्हणाली आणि तिला झोप लागली. दीपालीने बिट्टीला मागच्या पडवीत कापसाच्या पळकाट्यांच्या भिंतीआड ठेवलं आणि वाढवलं. संघाच्या कालवडी तिने दारात उभ्या करून घेतल्या नाहीत, आणि धाकटीशी ती एक शब्द बोलली नाही.

*

दोन वर्षांत हिंदकेसरी जिल्ह्यात पहिला आला. वाईट बोलणारा एकुलता एक गोठा आता मोजणीत नव्हता. पूर्वी पहिल्या वेताच्या कालवडीला असला थोराड बैल कोणी भरत नसे, तेवढी अक्कल साऱ्यांना होती. पण सुलभांकच म्हणतो कालवडीलाही चालतो, मग कोण थांबतो? अरुंद कमानीच्या आयांच्या अरुंद कमानीच्या लेकी आणि त्यांच्या पोटात पैलवान. बांधांवर खड्डे वाढले. दीपालीला दिवसाआड बोलावणी येऊ लागली आणि ती जातही होती. गाईचा काय दोष, म्हणायची. बिट्टी मोठी होत होती. रुंद पुठ्ठा, डोळ्यांना काळी कडा. तिला योग्य बैल मिळाला की काजळीचा वंश परत उभा राहील, एवढ्या एका आशेवर दीपाली जगत होती, आणि हे ती पडवीत बिट्टीशी बोलायची तेव्हा भिंतीपलीकडे स्वप्नालीला ऐकू यायचं.

स्वप्नाली आता तालुक्याची पर्यवेक्षक झाली होती. तिच्या दावणीलाही हिंदकेसरीची एक लेक होती, सायली. पहिलं वेत. पोटात हिंदकेसरीच्याच लेकाचं वासरू.

एव्हाना पुण्यात डॉ. केतकींना शंका येऊ लागली होती. सुखरूप व्यालेल्या इतक्या गायी महिन्याभरात विकल्या का जातात? त्यांनी फोनमधला तक्ता बदलला. मेलेल्या वासराचाही कण सक्तीचा झाला आणि गुण चार किंवा पाच असेल तर कारण द्यायचं झालं. कारणं दोनच ठेवली होती. एक, वंशाचा दोष. हे निवडलं की नोंदकाच्या जुन्या सगळ्या नोंदींची चौकशी लागायची. दुसरं, अप्रशिक्षित व्यक्तीने हात घातला; हे निवडलं की त्या व्यक्तीचं नाव द्यायचं. मग तिच्यावर गुन्हा, तिच्या गोठ्याची झडती आणि पुन्हा जनावर पाळायला बंदी.

सायली बुधवारी सकाळी नऊ वाजता अडली. दोन पाय आणि नाकाचा शेंडा बाहेर, पुढे काही नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, माझ्यापुढे चार गायी आहेत, संध्याकाळ होईल. सायली खाली बसली आणि घोगऱ्या आवाजात ओरडू लागली. अकरा वाजेपर्यंत स्वप्नालीने कळ काढली. मग ती भिंतीला वळसा घालून पलीकडे गेली आणि दोन वर्षांनी बहिणीच्या दारात उभी राहिली.

दीपाली जात्यावर बसल्यासारखी खाली बसून बिट्टीसाठी पेंड फोडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"ऐकू येतंय मला," ती म्हणाली. "सकाळपासून येतंय."

"आक्का, पाया पडते. चल."

"येते. एक करायचं. झालं ते लिहायचं. माझ्यासमोर."

"लिहिते."

"आबांची शपथ घे."

स्वप्नालीने मेलेल्या बापाची शपथ घेतली.

दीपालीने तेल आणि साबण मागितला, हात खांद्यापर्यंत माखला आणि सायलीच्या मागे आडवी झाली. बराच वेळ ती आत चाचपत होती. मग म्हणाली, "डोकं आलंय. खांदं अडकल्यात. कमान बोटभर बी देत न्हाय गं. आपल्या काजळीची असती तर दोघींनी वडलं असतं." दोऱ्या बांधल्या. कळ आली की ओढायचं, कळ गेली की थांबायचं. सायलीचं ओरडणं बंद झालं तेव्हा स्वप्नाली रडायला लागली. दीड वाजता वासरू बाहेर आलं. थोराड, देखणं, मेलेलं. सायली जिवंत होती, पण तिचे मागचे दोन्ही पाय लुळे पडले होते. ती पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करायची आणि कलंडायची, पुन्हा उठायची, पुन्हा कलंडायची.

दीपाली भिंतीला टेकून बसली.

"काढ फोन."

स्वप्नालीने फोन काढला.

"चष्मा घरी हाय माझा. लिहिशील ते वाच."

"गुण पाच," स्वप्नाली वाचत गेली. "वासरू मृत. गाय उठत नाही. बैल, हिंदकेसरीचा वंश." आणि ती प्रत्येक अक्षर खरं लिहीत होती. मग पडद्यावर दोन चौकोन आले.

"अजून काय इचारतंय?"

वरच्या चौकोनावर बोट ठेवलं की आठ वर्षं उलगडणार होती. खालच्यावर ठेवलं की नाव लिहायचं होतं. स्वप्नाली भित्री होती आणि भित्र्या माणसाचं बोट जिथे पडायचं तिथेच पडलं.

"काय न्हाय," ती म्हणाली. "सही मागतंय."

"झालं?"

"झालं. गेली नोंद."

दीपाली एकदम हुंदके देऊन रडू लागली. हाताला रक्त होतं म्हणून तिने मनगटाच्या मागच्या बाजूने धाकटीच्या गालावरचे केस सारले. "लई मोठं काम केलंस सपे," ती म्हणाली. "मला वाटलं हुतं तू तेबी खोटंच लिहिशील. आबा असते तर खूश झाले असते." मग तिने धाकटीकडचा चहा प्यायला, दोन वर्षांनी, आणि संध्याकाळपर्यंत गावभर सांगत सुटली की माझ्या बहिणीने खरं लिहिलं, आता बघा.

*

शनिवारी जीप आली. पशुसंवर्धनाचे दोन अधिकारी, एक हवालदार. मागे रिकामा टेम्पो.

दीपाली त्यांचीच वाट बघत होती. तिने सतरंजी अंथरली, साहेबांना बसा म्हणाली, भिंतीवरून "सपे, लवकर ये, आले बघ!" अशी हाक मारली आणि कोणी काही विचारायच्या आत पडवीत जाऊन बिट्टीला सोडून बाहेर आणलं. सकाळीच तिला धुतलं होतं. कपाळाला हळदकुंकू लावलं होतं. स्वप्नाली दारात पोचली तेव्हा दीपाली कालवडीला अंगणात गोल फिरवून दाखवत होती.

"ही बघा साहेब, काजळीची पणती. एवढी एकच राहिलीया. कंबर बघा हिची, केवढी रुंद! हिच्यावर तुमी काय बी संशोधन करा. मी लपवून ठेवली हुती, त्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण ठेवली म्हणून वाचली."

मोठे अधिकारी कागद बघत होते. "दीपाली खरात आपणच?"

"व्हय."

"आपण प्रशिक्षण नसताना जनावराच्या प्रसूतीत हात घालून वासराच्या मृत्यूस आणि गाईच्या अपंगत्वास कारण झालात, अशी नोंद आहे. आणि ही कालवड बिल्ल्याविना, बंदी असलेल्या वंशाची. हे आपण आत्ताच सांगितलंत."

दीपालीला उमगायला वेळ लागला. धाकट्या अधिकाऱ्याने तिच्या हातातलं दावं काढून घेतलं, ते तिने सहज दिलंही.

"न्हाय साहेब, गडबड झालीया तुमची," ती समजावत म्हणाली. "ही नोंद माझ्या भनीनं केलीया. माझ्यासमोर. खरी नोंद हाय ती."

"हो, त्यांचीच आहे. नाव त्यांनीच दिलंय आपलं."

दीपाली स्वप्नालीकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहानपणी धाकटीच्या हातून काही सांडलं की ती आईपुढे उभी राहून बोलायची, तशीच ती घाईघाईने बोलू लागली.

"चुकून बोट पडलं असंल हिचं. गाय मरायला टेकली हुती साहेब, रडत हुती पोर, तिला काय सुचतंय? सपे, सांग की गं ह्यांना. चुकून पडलं म्हण. तेवढं म्हटलं की झालं."

अधिकारी थांबले. टेम्पोशी नेलेली बिट्टीही थांबली. चूक असेल तर पर्यवेक्षकाच्या एका शब्दावर नोंद रद्द होते, तसा नियमच होता. रद्द झाली की मग खरं कारण भरावं लागतं, हाही नियम होता.

स्वप्नालीने पदर सारखा केला.

"नोंद बरोबर आहे, साहेब," ती म्हणाली.

धाकट्या अधिकाऱ्याने बिट्टीला टेम्पोत चढवलं. मोठ्यांनी फळीवरचा कागद पुढे केला, त्यावर तालुका पर्यवेक्षकाची सही लागते, ती स्वप्नालीने केली.